कंबर म्हणत होते ते

सहाव्या महिन्यात माझी कंबर दुखायला लागली, असं मी घरात सांगितलं. ते खरं नव्हतं. दुखत होतं ते पुढच्या बाजूला, ओटीपोटाच्या अगदी खाली, दोन्हीकडची हाडं येऊन मिळतात तिथं. एका पायावर भार आला की कळ उठायची. सलवार घालताना, पायरी चढताना, कूस बदलताना. पण त्या जागेसाठी घरात उच्चारता येईल असा शब्द माझ्याकडे नव्हता. आमच्याकडं बाईचं बेंबीपासून गुडघ्यापर्यंत काहीही दुखलं तरी ती कंबरच म्हणते. मी बी.एस्सी. झालेली, घरातली पहिली पदवीधर. तरी मीही कंबरच म्हणाले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या करमाडकडच्या, शेतातल्या कामात आयुष्य गेलेल्या. कंबर म्हटल्याबरोबर त्यांनी तिळाचं तेल कोमट केलं. रोज संध्याकाळी मी वाळूजहून कामावरून आले की त्या मला कुशीवर झोपवायच्या आणि पाठीमागून कंबर चोळायच्या.

"उतरलं का गं?"

"उतरलं, आत्या."

महिनाभर हेच. दुखणं तसंच राहायचं. पण तो अर्धा तास मला हवासा वाटायचा, हेही लिहिलं पाहिजे. माझ्या पाठीवर इतका वेळ कुणी हात ठेवला होता, असं मला आठवत नव्हतं.

खरं सांगायची लाज होती, आणि लाजेपेक्षा मोठी भीती होती नोकरीची. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणीला होते. दिवसभर टेबलापाशी उभं राहून मापं घ्यायची. कायम होण्याचं पत्र यायला तीन महिने उरले होते. आईला कळलं असतं तर ती म्हणाली असती, सरळ माहेरी ये आणि पडून राहा. वडिलांनी मला सायकलवर मागं बसवून तालुक्याच्या शाळेत पोचवलं होतं, पुढं वसतिगृहात ठेवलं होतं. त्या सगळ्या खटपटीतून मी त्या टेबलापर्यंत आले होते. तिथून एका दुखण्यासाठी परत फिरायचं मला जिवावर आलं होतं.

मग एका रविवारी मी आणि नवरा बाळंतपणासाठी मऊ कापड घ्यायला शहागंजला गेलो. मी नेहमीसारखी मोटारसायकलवर एका बाजूला बसले होते. उतरायला एक पाय खाली टेकवला आणि दुसरा हलेचना. शेजारच्या हातगाडीला धरून मी भर बाजारात रडले. नवरा घाबरला. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाळ ठीक आहे म्हणून सांगितलं आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडं पाठवलं. तिथं माझ्यासोबत आत्या आल्या.

"कुठं दुखतं?" बाईंनी विचारलं.

"कंबर."

"बोट ठेवून दाखवा."

मी आत्यांकडं बघितलं. मग मान खाली घालून बोट ठेवलं.

"अगं, ही कंबर व्हय?" आत्या ओरडल्याच. "मग मी महिनाभर काय पाटा घासत होते?"

बाई हसू लागल्या. "काकू, तुमच्या मालिशनं नुकसान काही झालं नाही."

"तेल तर गेलं ना!"

बाईंनी समजावून सांगितलं. या दिवसांत सांधे सैल पडतात, हाडं जराशी हलतात, म्हणून दुखतं. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून वळा. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. कपडे बसून घाला. पायरी एकेकच चढा. फार वेळ उभं राहू नका. आधाराला पट्टा दिला आणि म्हणाल्या, "मदत मागायला शिका."

परतताना सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आत्या बाहेर बघतच म्हणाल्या, "माझी बी कंबर नव्हती."

मला कळेना.

"तुझ्या नवऱ्याच्या वेळंला. कापूस वेचायला वाकलं की वाटायचं, आता दोन फाका होतात माझ्या. सासू म्हणायची, कंबर सगळ्यांचीच दुखती. मी म्हणलं, असंल." मग म्हणाल्या, "तू बोट ठेवलं ना, तिथंच. लई दुखायचं."

"तुम्हाला कोण चोळायचं, आत्या?"

"कोण चोळतंय!"

मी त्यांचा हात माझ्या हातात घेतला. घर येईपर्यंत त्यांनी तो काढून घेतला नाही.

दवाखान्याचं कळून आईचा फोन आला तेव्हा तो आत्यांनीच घेतला. "विहीणबाई, सुट्टी लागली की न्या, मी नाय म्हणत नाय. पण आत्ता ती कामावर जाती. तिला कायम व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी मी सुपरवायझरांसमोर उभी राहिले. बसून काम मागितलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. कंबर हा शब्द तोंडाशी आला होता, तो मी गिळला. "ओटीपोटाखालचं हाड दुखतंय, सर. उभं राहवत नाही." त्यांचे कान लाल झाले. "स्टूल मिळेल," एवढंच म्हणाले आणि कागद चाळू लागले. दुपारच्या आत स्टूल आलं.

राहिली कंपनीची बस. तिची पायरी फार उंच. मी नको नको म्हणत असताना आत्या थांब्यावर आल्या आणि ड्रायव्हर चाचांना म्हणाल्या, "चाचा, गाडी जरा त्या फुटपाथला लावा की. पोरीला पाय उचलत नाय."

"क्यों, क्या हुआ?"

"हाड दुखतंय तिचं. पुढचं!"

भरलेल्या बसमधल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चाचांनी मात्र निमूट गाडी पुढं घेतली आणि फुटपाथला अशी भिडवली की पायरी निम्मी झाली. रोज तसंच. एकदा मागून कुणीतरी टोमणा मारला, "चाचा, आमच्यासाठी कधी लावली नाही अशी!"

"तुम पहले पेट से हो जाओ, फिर देखेंगे."

सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले, आणि हसतानाही तिथं दुखलं.

दुखणं बाळंतपणापर्यंत पुरतं गेलं नाही. काही दिवस बरे असायचे, काही दिवस भिंत धरून चालावं लागायचं. पण एकही दिवस काम सोडून घरी यावं लागलं नाही. सुट्टी लागायच्या आठवड्यात पत्र आलं. मी ते आत्यांना वाचून दाखवलं.

"कायम म्हंजी, बाळ झाल्यावर परत जायचं ना?" त्यांनी खात्री करून घेतली.

"हो, आत्या."

"मग आता निवांत पड."