पांझरेकाठच्या चर्चमध्ये एक यहुदी पाहुणी

चाळीसगावला उतरले तेव्हा धुळ्याची पॅसेंजर नुकतीच सुटली होती. शुक्रवारचे तीन वाजून गेले होते आणि मला सूर्यास्ताच्या आत सुमनच्या घरी पोहोचायचं होतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ (विसाव्याचा दिवस) लागतो, आणि मग मी प्रवास करत नाही. धावतपळत एसटी गाठली.

शेजारी डोक्यावरून पदर घेतलेल्या एक अक्का बसल्या होत्या. मी इतकी घाईत का, ते त्यांनी विचारून घेतलं. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, हे ऐकून त्या, स्वतः तेल्याच्या घरातल्या, म्हणाल्या, "मंग तू बी आमनीच शे." (मग तूही आमचीच आहेस.) पिशवीतला ओला हरभरा त्यांनी माझ्या ओंजळीत घातला. धुळ्यापर्यंत आम्ही दोघी सोलून खात होतो. बाहेर वेचून झालेल्या कापसाची करडी शेतं लांबच लांब पसरली होती.

सुमन आणि मी ठाण्याच्या एका रुग्णालयात बावीस वर्षं एकत्र नर्स होतो. ती ख्रिस्ती. निवृत्तीनंतर धुळ्यापलीकडे, पांझरा नदीकाठच्या आपल्या गावी भावाकडे राहायला आली. सुगीच्या उपकारस्तुतीच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या) रविवारी ये, असं तिचं बोलावणं होतं. मी पोहोचले तेव्हा ती दारातच उभी होती. "दिवा लावायला अजून वीस मिनिटं आहेत, हातपाय धू," म्हणाली. रात्री कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत आणि दही होतं. "मटण केलं असतं तर तू दही खाल्लं नसतंस," ती म्हणाली. मांस आणि दूधदुभतं आम्ही एका जेवणात घेत नाही. बावीस वर्षांत तिने माझं सगळं लक्षात ठेवलं होतं.

शनिवारी तिचे थोरले भाऊ, नाना, मला घरामागची बोरीची बाग दाखवायला घेऊन गेले. नाना मंडळीतले (चर्चच्या समुदायातले) वडीलधारे, सत्तरीचे, फार कमी बोलणारे. एका बुंध्यावरच्या गाठीवर त्यांनी बोट ठेवलं. "इथं डोळा भरलाय. खाली रानबोर, वर कलमी. शास्त्रात येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रात उलटं सांगतो. झाड चांगलं, त्याला रानटी फांदी बांधलेली. शेतकरी असं कधी करणार नाही. देवानं केलं." मी मान डोलावली. ते कुणाबद्दल बोलत होते, हे मला तेव्हा नीटसं कळलं नाही.

रविवारी पत्र्याच्या छपराचं ते चर्च गच्च भरलं होतं. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, बोरांच्या टोपल्या. मी सुमनजवळ बायकांत बसले. पाळक (चर्चचे धर्मगुरू) तरुण होते, आवाज खणखणीत. बोलता बोलता म्हणाले, "यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारलं, म्हणून देवानं त्यांना टाकलं. आता देवाची सगळी वचनं मंडळीची."

मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुमनने माझा हात घट्ट धरला. उठून जावंसं वाटलं, पण दारापर्यंत मांडीला मांडी लावून बायका बसल्या होत्या.

उपदेश संपला आणि नाना उभे राहिले.

"पास्टर, झाड त्यासनं शे," ते अहिराणीतच म्हणाले. "आपुन मांगतीन लायेल फांदी." (झाड त्यांचं आहे. आपण मागाहून लावलेली फांदी.) मग मराठीत म्हणाले, "फांदीनं मुळाला टाकलेलं म्हणू नये. देव त्यांना दिलेला शब्द मोडत असेल, तर आपल्याला दिलेला कशावरून पाळेल?"

मग नानांनी माझी ओळख करून दिली.

पाळक खाली उतरून माझ्यासमोर आले. "ताई, पौलाचं ते पत्र मी किती वेळा वाचलंय. आज ते ओलांडून गेलो," म्हणाले. "मी आजवर एकही यहुदी माणूस पाहिला नव्हता." मग विचारलं, "तुमच्या भाषेत देवाची स्तुती म्हणाल?"

वडिलांनी पाठ करून घेतलेलं एक स्तोत्र मी हिब्रूत म्हटलं. मला त्यातले निम्मेच शब्द कळतात. डोळे उघडले तर सगळी मंडळी उभी होती. एका म्हातारीने हळूच विचारलं, "येशू असाच बोले का?"

"तोही यहुदीच. लहानपणी हेच म्हणाला असेल," मी म्हणाले. तिने दोन्ही हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं घोकलेले ते शब्द माझ्याही कानांना पहिल्यांदाच ऐकू येत होते.

सोमवारी नाना धुळे स्टेशनवर सोडायला आले. मी सरळच विचारलं, "मी येशूला मानावं, असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटतं. रोज मागतो," ते म्हणाले. "पण तुम्हाला टाकलं, असं देव बोलला नाही. मग मी कसा बोलू?"

ठाण्याच्या सभास्थानात (आमचं प्रार्थनास्थळ) पुढच्या शब्बाथला मी हे सांगितलं. एका काकांनी विचारलं, "म्हणजे ते आपल्या बाजूचे की नाहीत?" नानांच्या आणि माझ्या श्रद्धेत जे अंतर आहे, ते तसंच आहे. काकांना मी एवढंच सांगितलं, की देव शब्द फिरवत नाही हे स्वतःच्याच पाळकाला, भर उपासनेत सांगणारा एक माणूस मी पाहिला.