डेबनं सांगितलं नव्हतं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नागपूरच्या बहिणीला नाही. नोकरी सोडल्यावर एका समुपदेशक बाईंकडे सहा वेळा जाऊन आले, त्यांनाही नाही. त्यांच्यासमोर मी कामाच्या ताणाबद्दल बोलले, आईच्या आजारपणाबद्दल बोलले, त्या मान हलवत लिहून घेत होत्या. हे मात्र दर वेळी जिभेवर आलं आणि मी कोट चढवून निघाले.

तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे यातही भित्रेपणा आहेच. असू दे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. कॅनडाच्या एका प्रेरी, म्हणजे सपाट गवताळ, प्रांतात — नाव लिहीत नाही — हायवेवर गस्त घालणाऱ्या अधिकाऱ्यांची संघटना होती. भरधाव गाड्या थांबवणारी, अपघाताच्या जागी सगळ्यांत आधी पोचणारी, उणे तीसमध्ये रस्ता अडवून उभी राहणारी ही माणसं. मी त्या संघटनेची कार्यकारी संचालक. नाव मोठं, ऑफिसात आम्ही दोघीच, त्यातली दुसरी आठवड्यातून तीन दिवस यायची. सभासदांचे फोन, कार्यकारिणीच्या बैठका, खात्याशी पत्रव्यवहार, वार्षिक परिषद, कुणावर चौकशी बसली तर त्याच्या शेजारी जाऊन बसणं — सगळं माझ्याकडे. मी स्वतः कधी गणवेश घातला नाही. टेबलाभोवती बारा अधिकारी, एकमेकांना वीस-वीस वर्षं ओळखणारे, आणि टोकाला मी, लॅपटॉप घेऊन. ‘शुभदा’ म्हणता यायचं नाही म्हणून सगळे मला ‘शू’ म्हणायचे. मीही ते चालवून घेतलं होतं.

२०१५ साली आम्ही सभासदांसाठी मदतीचा फोन सुरू केला. कल्पना माझीच. रस्त्यावर रोज जे दिसतं ते ही माणसं घरी सांगत नाहीत, साहेबाला तर नाहीच. साहेबाला कळलं की गाडी जाते, पिस्तूल जातं आणि माणूस टेबलामागे बसतो. म्हणून एक नंबर — नाव गुप्त ठेवून बोलायला. पोस्टरवरची ओळही मीच लिहिली : ‘तुम्ही बोललेलं इथंच राहील.’ ती पोस्टरं प्रत्येक ठाण्यात वॉशरूमच्या दाराला आतून लावायची, म्हणजे वाचताना कुणी बघत नाही, हेही मलाच सुचलं. प्रशिक्षित स्वयंसेवक मिळेपर्यंत तो मोबाइल माझ्याच पर्समध्ये राहणार होता.

तीन महिने तो वाजला नाही. मग एका दुपारी वाजला.

ग्लेन होता. पंचेचाळिशीतला, एका लहान गावच्या ठाण्यातला, घटस्फोट झालेला. मी त्याला परिषदेत एक-दोनदा पाहिलं होतं — मागच्या रांगेत बसून सगळ्यात शेवटी उठणारा. तो गाडीतूनच बोलत होता. शेजारून ट्रक गेला की त्याचा आवाज बुडायचा.

म्हणाला, ‘मी एक गाडी थांबवलीय. ती माझ्यासमोर उभी आहे. आणि मला दार उघडता येत नाहीये.’

मला आधी वाटलं, दार अडकलंय.

मग त्यानं सांगितलं. मागच्या नोव्हेंबरात तो एका अपघाताचा पंचनामा करत रस्त्यावर उभा होता. बर्फावरून घसरत आलेला एक पिकअप त्याच्या इतक्या जवळून गेला, की आरशाचा फटका बसून हातातला क्लिपबोर्ड उडाला. अंगाला खरचटलंसुद्धा नाही. त्यामुळे त्यानं कुठं नोंदही केली नाही. पण तेव्हापासून रहदारीच्या बाजूचं दार उघडायला गेलं की पाय हलायचे नाहीत. त्या दुपारी तो अकरा मिनिटं बसून राहिला. समोरचा ड्रायव्हर आरशातून मागे बघत होता. शेवटी ग्लेननं दिवे बंद केले आणि त्याला ओलांडून तो निघून गेला.

‘त्या माणसाला अजून कळलं नसेल, त्याला का थांबवलं आणि का सोडलं,’ तो म्हणाला आणि जरासा हसला.

नंतर तो आणखी तीनदा बोलला. मी फार काही करत नव्हते, ऐकत होते. एका डॉक्टरांचं नाव दिलं, खात्याच्या बाहेरच्या. तो जायला लागला होता. डॉक्टर सोडले तर हे माहीत असलेली जगात दोनच माणसं होती : मी आणि डेब. डेब त्याची गस्तीवरची जोडीदार — अकरा वर्षं एका गाडीत बसलेले ते दोघं. तिला सांगावं लागलंच नाही, तिनं ओळखलं. दोघं बरोबर असले की गाडी थांबवल्यावर डेब उतरायची आणि तो स्टिअरिंगमागे बसून कागदपत्रं करायचा. कुणाला काही कळलं नाही. त्याची बायको सोडून गेली तेव्हाही डेबच दर रविवारी त्याला आपल्या घरी जेवायला बोलवायची. ‘डेब आहे म्हणून,’ असं तो म्हणायचा. वाक्य पुरं करायचा नाही.

आता जे येणार आहे ते सांगायचं टाळून मी तुम्हाला डॉक्टरांचं आणि जेवणाचं सांगत बसलेय, हे मला दिसतंय.

आमचा अध्यक्ष ब्रूस म्हणून होता. सार्जंट, निवृत्तीला आलेला, मनानं वाईट नाही. मार्च महिन्यात आम्ही दोघं राजधानीत खात्याच्या बैठकीला चाललो होतो. वाटेत एका डायनरमध्ये जेवायला थांबलो. सूप ढवळत त्यानं विचारलं, ‘तुझ्या त्या फोनवर कुणी बोलतं का, शू? आपली पोरं म्हणतात, उगाच खटाटोप आहे.’

‘बोलतात’ एवढं म्हणून मला थांबता आलं असतं. एवढ्यावर त्याचं समाधान झालंही असतं. मी म्हणाले, नाव मी सांगू शकत नाही, पण जुनी, कसलेली माणसं करतात फोन. मग म्हणाले, अकरा वर्षं डेबबरोबर गस्त घालणारा माणूससुद्धा.

नाव घेतलं नाही. म्हणजे मी शब्द पाळला? माझ्या मनात तेव्हा खरोखर असं काहीतरी होतं.

‘ग्लेन?’ ब्रूसनं विचारलं.

मी नाही म्हटलं नाही. आणि मग — हे मला अजून नीट समजत नाही — मी त्याला ती अकरा मिनिटंही सांगितली. समोरच्या ड्रायव्हरचं आरशात बघणंसुद्धा. छान सांगितली. ब्रूसनं चमचा खाली ठेवून ऐकलं. मग तो स्वतःच्या पहिल्या वर्षातलं काहीतरी सांगायला लागला, गणवेशातल्या माणसाला सांगावं तसं. बैठकीत शिरताना त्यानं पहिल्यांदा मला विचारलं, ‘तुला काय वाटतं, आधी कोणता मुद्दा घ्यावा?’ एवढ्यासाठी? हो, बहुतेक एवढ्यासाठीच. परकी बाई, बाहेरची, एकटी — हे सगळं मी स्वतःला अनेकदा ऐकवून पाहिलंय. त्याच टेबलावर मी गप्पही बसू शकत होते, आणि बाहेरची मी तेव्हाही राहिलेच असते.

ब्रूसनं ते ग्लेनच्या साहेबाच्या कानावर घातलं. भल्यासाठीच, असं तो नंतर मला म्हणाला. दहा दिवसांत ग्लेनला बोलावून त्याचं पिस्तूल आणि गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला ट्रक वजन करायच्या नाक्यावर खिडकीत बसवलं. कारण विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, ‘तुला दार उघडता येत नाही, असं समजलंय.’ त्याचेच शब्द त्याला परत मिळाले.

त्यानं मला ऑफिसच्या नंबरवर फोन केला, त्या दुसऱ्या फोनवर नाही. आवाज अगदी शांत होता.

‘शूबा,’ तो म्हणाला. माझं पूर्ण नाव घ्यायचा प्रयत्न करणारा तो एकटाच होता. ‘मला एकच विचारायचंय. हे तुझ्याकडून गेलं का?’

खिडकीबाहेर आमच्या पार्किंगमध्ये बर्फ काढायची गाडी मागेपुढे करत होती. तिचा तो टीं-टीं आवाज मला आठवतो. मला विचार करायला वेळ होता. घाबरून तोंडातून निसटलं असं झालं नाही.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘इथून काहीही बाहेर जात नाही.’

मग तो म्हणाला, ‘दुसरं फक्त डेबला माहीत होतं.’

आता ऐका. इथं मला नुसतं गप्प बसता आलं असतं. खोटं बोलून झालं होतं, माझी सुटका झाली होती. पण मला भीती वाटली, तो डेबला विचारील, ती नाही म्हणेल, तिचं त्याला पटेल आणि तो पुन्हा माझ्याकडे येईल. म्हणून मी मऊ आवाजात — मदतीच्या फोनवर वापरायचे त्याच आवाजात — म्हणाले, ‘माणसं कधीकधी काळजीपोटी सांगून टाकतात, ग्लेन. तिला विचारून तिला अवघडून टाकू नकोस.’

‘हं,’ तो म्हणाला. ‘थँक यू.’

त्यानं तिला विचारलं नाही. माझं ऐकलं. फक्त तिच्याशी बोलणं थांबवलं. डेबनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. ती एकदा जेवण बनवून त्याच्या दाराशी ठेवून आली. दोन दिवसांनी ते भांडं, धुऊन पुसून, तिच्या गाडीच्या बॉनेटवर होतं. चिठ्ठी नव्हती. हे मला कसं माहीत? डेबनंच ऑफिसात फोन करून सांगितलं. माझं काही चुकलं का, तुझ्याशी तो काही बोललाय का, असं ती विचारत होती. मी तिला सांगितलं, सभासदांचं बोलणं मी उघड करू शकत नाही. त्याला थोडा वेळ दे.

गोपनीयतेचं कारण मी तिला दिलं.

हे कुठून गेलं ते ब्रूसला माहीत होतं. तो बोलला नाही, मीही नाही. संध्याकाळी घरी आले की नवरा विचारायचा, ‘कसा गेला दिवस?’ मी म्हणायचे, ‘नेहमीसारखा.’ मुलगी टेबलावर अभ्यास करत असायची, मी तिला खोटं बोलल्याबद्दल रागवल्याचंही मला आठवतं. डेबला फोन करायला माझ्याकडे नऊ महिने होते. नऊ महिन्यांत किती दुपारी येतात? मी दर सोमवारी ठरवायचे. मग दुसऱ्या कुणाची चौकशी, परिषदेची तयारी, काही ना काही असायचंच.

डिसेंबरात ग्लेन गेला. घरापुढचा बर्फ उपसताना हृदय बंद पडलं. शेजाऱ्यानं पाहिलं तेव्हा हातात फावडं तसंच होतं. मी त्याला मारलं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं नाटकी होईल, आणि खऱ्या गोष्टीवर पांघरूण पडेल. खरी गोष्ट एवढीच, की तो शेवटचे नऊ महिने त्याच्या एकुलत्या एका मैत्रिणीशिवाय राहिला, आणि त्याला वाटत होतं, तिनं त्याला दगा दिला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये सँडविच आणि कॉफी होती. अध्यक्षाचं भाषण मी लिहून दिलं होतं. लोकांनी डोळे पुसले. डेब गणवेशात भिंतीशी उभी होती, टोपी काखेत धरून. मला बघून ती आली.

‘तुला एक विचारू?’ ती म्हणाली. ‘मी त्याचं काय केलं होतं? तुला ठाऊक असेल तर सांग. कसंही असलं तरी चालेल. मला फक्त कळायला हवंय.’

ती रडत नव्हती. माझ्याकडे सरळ बघत होती. आता ग्लेन नव्हता, उलट विचारायला कुणी येणार नव्हतं. खरं सांगितलं असतं तर फार तर नोकरी गेली असती, आणि माझी ती नोकरी इतकीही काही लाडकी राहिली नव्हती.

‘नाही गं,’ मी म्हणाले. ‘मला काहीच माहीत नाही.’

आणि मी तिचा हात हातात घेतला.

२०१९ मध्ये नवऱ्याला दुसऱ्या प्रांतात, हॅमिल्टनला, काम मिळालं आणि मी राजीनामा दिला. ऑफिसात निरोपाचा केक होता. डेब तीन तास गाडी चालवून आली, तिची सुट्टी होती म्हणे. सगळ्यांसमोर ती म्हणाली, ग्लेनच्या वाईट दिवसांत निदान शू तरी त्याच्याशी बोलत होती, ते मी विसरणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं मला मिठी मारली. मी म्हणाले, ‘थँक यू, डेब.’ मग तिला केक कापून दिला.

ती अजून त्याच रस्त्यावर गस्त घालते. आपल्या हातून काहीतरी घडलं आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही, असं ती धरून चाललीय. ब्रूसशी बोलताना एकदा तिचा विषय निघाला तेव्हा कळलं. मी त्याला विचारलं, बरी आहे ना ती? तो म्हणाला, हो, आता एकटीच असते गाडीत.

तिच्या हातून काहीही घडलेलं नव्हतं. ते माझ्याकडून गेलं होतं.