चलो स्पिती

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाप चळवळीतला. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती निषेधाच्या पत्रकांवर. त्यामुळं माणसाला बोलवायची मला एकच रीत येते: वर जाड ठशात हाक, खाली निमंत्रक.

यंदा हिमालयातल्या स्पितीच्या खोऱ्यात जायचं ठरवलं, तेव्हाही मी तेच केलं. परतूरहून दिल्ली, पुढं मनाली, तिथून खोरं. मार्ग, दिवस, गरम कपड्यांची यादी, सगळं एका पानावर बसवलं आणि वर छापलं, ‘चलो स्पिती!’

आमच्याकडं ‘चलो’चा अर्थ एकच. चहावाल्या मामांनी पत्रक हातात घेऊन विचारलं, “जीपा किती वाजता निघतेत?”

“जीप न्हाई मामा, रेल्वे. ज्याच्या त्याच्या खर्चानं.”

“खर्चा आपला? मंग कशाचा मोर्चा हाय हा! अन् मागण्या कुठं हायेत?”

“मोर्चा न्हाई. डोंगर बघायचेत.”

“डोंगर बघायला एवढं कामून वरडून राह्यला?”

बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो.

खरं तर ते पत्रक एकाच माणसासाठी होतं. दहावीच्या सुट्टीत मी आणि माझा मित्र छापखान्यात पत्रकांची शाई वाळायची वाट बघत बसायचो. समोरच्या कॅलेंडरवर त्या खोऱ्याचं चित्र होतं. झाड नाही, गवत नाही, नुसती माती आणि वर बर्फ. तो म्हणाला होता, “आपल्याच उन्हाळ्यासारखं हाय गड्या, फक्त थंड.” तेव्हाच ठरलं, जायचं तर दोघांनी.

पुढं तो ज्यांच्याविरुद्ध आम्ही घोषणा दिल्या, त्यांच्याच पक्षात गेला. मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. त्यातलं एकही वाक्य मी आजही मागं घेणार नाही. पण ते वाटल्यापासून दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि या दोन वर्षांत मी कुणाबरोबरच उगाच, बिनकामाचं असं बसलो नव्हतो.

‘चलो स्पिती’ वाटल्यावर पाचव्या दिवशी त्याचा फोन आला.

“पत्रक भेटलं. निमंत्रक तू एकटाच?”

“हो.”

“मला बोलवून राह्यला का जनतेला?”

‘तुला’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सभेत माईकशिवाय बोलणारा मी, हळूच म्हणालो, “सगळ्यांनाच हाय ते.”

“बरं,” तो म्हणाला. “मंग येईल जनता.”

फोन बंद झाला.

तिकीट मी एकच काढलंय. उरलेल्या पत्रकांपैकी एक उलटं करून काल कोऱ्या बाजूला लिहिलं, ‘तू चल.’ खाली निमंत्रक लिहिला नाही. ते पान अजून टेबलावरच आहे. पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर नवी लोकरीची टोपी ठेवली आहे.