चिंचेने घासलेला रुपया
दिवाळीआधी चिंच भिजत घातली, की तिच्या आंबट वासाने मला मढचं ते घर आठवतं. आमच्याकडे अंधेरीला मासळी घेऊन येणाऱ्या मावशीचं ते घर; तिच्या देव्हाऱ्यात इंग्रजांच्या वेळचा चांदीचा रुपया होता, बिनमुकुटाच्या राजाचा. माझ्या नाण्यांच्या संग्रहात त्या राजाचं एकच साल कमी होतं आणि या रुपयावर सालाचा नेमका शेवटचा आकडा कुंकवाने झाकलेला. बदल्यात चांदीचाच दुसरा रुपया देतो म्हणालो. "देवाला रुपया पाहिजे, राजा कुठला का असेना! उद्या ये," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर रुपया लख्ख! "देवाची वस्तू मळकी देतात काय रे? सासूच्या वेळेपासून दर दिवाळीला चिंच नि राखेने घासतो आम्ही." जुनं नाणं घासलं की त्याची वाट लागते! भिंग लावलं. राजाची दाढी गुळगुळीत आणि तो आकडा पार झिजलेला. तरी रुपया बदलून घेतला. आल्बममधला शेवटचा कप्पा भरला, पण संग्रह पुरा झाला की नाही, ते आजही कळलेलं नाही. बाकीच्या नाण्यांना मी बोटसुद्धा लावत नाही. ही चिंच त्या एकासाठी.