पवनारच्या बाईंना दिलेली चिनी कादंबरी

परवा ग्रंथालयातलं जुनं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर मला पवनारच्या शेवंताबाई आठवल्या. त्या निवृत्त शिक्षिका. दर मंगळवारी बसने वर्ध्याला येऊन पुस्तक न्यायच्या. मी तेव्हा नवा ग्रंथपाल होतो आणि चिनी साहित्याने झपाटलो होतो. आधी त्यांना प्राचीन चिनी कवितांचा हिंदी अनुवाद दिला. त्यातली नदी, चंद्र, दूर गेलेला मित्र हे सगळं त्यांना फार आवडलं. "आता नव्या काळातलं काही द्या," म्हणाल्या. मी एक आधुनिक कादंबरी दिली. तिच्यात एका बाईचा मुलगा नदीत बुडतो आणि ती त्या दिवशीही घरच्यांना जेवायला वाढते.

पुढच्या मंगळवारी त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊ, हे पुस्तक मले काऊन दिलं? माहा पोरगा धाम नदीमधी बुडाला होता."

"मला ठाऊक नव्हतं, बाई."

"मीबी त्या दिवशी सगळ्यायले वाढलं. लोक म्हने, आई हाये का दगड. तिकडे चीनमधी कोनाले तरी समजलं. इथं कोनालेच नाई."

त्या गेल्या, त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मला मात्र तेव्हा पुस्तक नेमकं पोचल्याचा आनंद झाला होता. पुढे कित्येक वर्षं त्या कादंबरीची शिफारस करताना मी वाचकांना हीच गोष्ट सांगत राहिलो. आता एवढंच आठवतं, की त्या सगळा वेळ उभ्या होत्या आणि मी त्यांना बसा म्हटलं नाही.