दुसऱ्याच बाईच्या गोळ्या

अर्धशिशीसाठी मी पडेगावच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तहान किती लागते, थंडी सोसते का, स्वप्नं कसली पडतात, हे सगळं विचारून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशी, पुरुषाच्या जवळिकीची इच्छा होते का?"

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी फटकन म्हणाले, "नाय बाई, ते कधीच संपलं."

तिनं तसंच लिहून घेतलं आणि त्यावरून गोळ्या दिल्या. डोकं दुखायचं काही थांबलं नाही. गोळ्यांचा काय दोष? त्या संपलेल्या बाईच्या होत्या.

महिन्यानं तिनं पुन्हा विचारलं, "मावशी, काही सांगायचं राहिलं का?"

"नाय," मी म्हणाले, "त्याच द्या."