मासवणचा ताप आणि दोन चहा

सांगलीहून निघताना आईने पिशवीत चकल्यांचा डबा कोंबत विचारलं, "एमडी झालीस ना? मग आता आणखी कसलं शिक्षण?"

"संसर्गजन्य आजारांचं."

"म्हणजे तापाचंच ना? त्याला तीन वर्षं कशाला लागतात गं?"

मी चकल्या घेतल्या आणि दोन महिन्यांच्या कामासाठी पालघरची वाट धरली.

वैतरणेची खाडी आली तशी गाडीतली शेजारची बाई म्हणाली, "बघ बाय, किती छान हाय!" छान होतीच हो. पण आमच्या विषयाची खोड वाईट. तिला बगळे दिसत होते आणि मी साचलेलं पाणी शोधत होते.

रुग्णालयात आमच्या गुरू भेटल्या. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणत. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा धडा एवढाच : सगळं विचारायचं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं तपासायचं. विचारायला मी एका पायावर तयार. बोईसरला कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीला गेलो, तर पहिल्याच तापकऱ्याला मी गाव, पाणी, दूध, कबुतरं, कुत्रा, सगळं विचारून घेतलं. बिचारा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, इतना तो मेरे ससुरालवालों ने भी नहीं पूछा था!" अख्खी रांग हसली. मॅडमसुद्धा.

रविवारी केळव्याला गेले. नारळी-सुपारीच्या वाडीत एका काकूंनी उकडहंडी (मडक्यात कंद, शेंगा, कच्ची केळी भरून उकडतात ती) पानात वाढली. मी पहिला घास घ्यायच्या आधी काकूंना विहिरीत औषध टाकता का, ते विचारलं. काकूंनी कमरेवर हात ठेवले. "आमी टाकतो. तू आधी जेव." मी मुकाट्याने जेवले, आणि तीनदा मागून घेतलं.

मंगळवारी जवळच्या मासवण गावच्या लाडकीबाई दाखल झाल्या. आठवडाभराचा ताप, डोकं फुटायची वेळ आलेली, मलेरिया नाही, डेंगी नाही. लेक सुनंदा खाटेला चिकटून बसलेली. मी प्रश्नांची फैर सुरू केली. "मावशी, परदेशी कुठे गेला होतात?"

"मनोरच्या बाजाराला गेलते."

"रानात?"

"गवत कापायला सगलीच जातात."

तपासताना मात्र कमरेशी गाडी अडली. लुगड्याची कनवटी (कमरेला खोचलेली गाठ) त्यांनी मुठीत गच्च धरली. "तिथं काय नाय." म्हटलं, लाजत असतील, राहू दे.

दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागायला लागली. मॅडमनी विचारलं, "कंबर पाहिली?"

"त्या गाठ सोडत नाहीत, मॅडम."

"मग तुम्ही कुठवरच्या तज्ज्ञ होणार? बरगड्यांपर्यंतच्या?" असं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. "संध्याकाळपर्यंत निदान झालं नाही तर मुंबईला हलवायचं. वाटेत बाईंची धाप वाढली तर काय करणार?"

मी परत खाटेपाशी गेले. हात लावला की मावशींची मूठ आवळायची आणि डोळे जायचे लेकीकडे. अगं बाई! त्यांना लाज माझी नव्हतीच, लेकीची होती.

"सुनंदाताई, कँटीनमधून दोन चहा आणता का?"

ती दाराबाहेर पडली आणि मूठ सुटली. कनवटीतून निघाली मिश्रीची (भाजलेल्या तंबाखूच्या पुडीची) डबी! "तिला सांगू नको, बाय. सोडली म्हणून तिची शपथ घेतलीय."

मी डबी कोटाच्या खिशात टाकली आणि कापड बाजूला केलं. डबीच्या बरोब्बर खाली विडीचा चटका बसावा तशी काळी खपली. दुखणं नाही, खाज नाही. गवतातला बारीकसा किडा चावतो तिथे ही उठते आणि स्क्रब टायफसचा ताप चढतो.

"सापडली!" मी ओरडले.

सुनंदा चहा घेऊन दारात. "काय सापडली?"

"खपली! खपली!"

त्याच दुपारी गोळ्या सुरू झाल्या. एक दिवस गेला, दोन गेले, आणि मावशींनी स्वतःहून पेज मागितली. मी व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून आले. मॅडमनी बघून न बघितल्यासारखं केलं.

घरी सोडायच्या दिवशी सुनंदाने मला बाजूला घेतलं. "डबी तुमच्याकडं हाय ना?"

माझा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"मला कवापासून म्हाईत हाय. ती पदराआड लावते, मी चुलीकडं बघते. तिला वाटतं मला कलत नाय." तिचा आवाज चिरकला. "मी तिथं बसून राहिले म्हणून तिनं गाठ सोडली नाय. आय गेली असती माझी."

मी तिचा हात धरला.

"द्या ती डबी. मीच देते तिच्या हातात."

"अहो, मिश्री वाईट असते..."

"सोडवायची हायच. पण आता समोर बसून सोडवू."

डबी दिली. वॉर्डातून आधी मावशींचं "अगं बया!" ऐकू आलं आणि मग दोघींचं हसणं, की रडणं, नीट कळलं नाही.

दोन महिने सरले. सांगलीला परतले तेव्हा आईने रिकामा डबा हातात घेत पुन्हा तेच विचारलं, "तापाला तीन वर्षं कशाला लागतात गं?"

"चहा कधी मागवायचा ते कळायला," मी म्हटलं.

आई उठली आणि चहा टाकायला गेली.